दादूस आणि निरोप्याचा खिसा

दादूसांनी आपल्या सख्ख्या मेहुण्याचं नाव एका रेणूला दिलं होतं. कारण विचारलं की म्हणत, "दोघं पन सारखेच. बोलावल्याबिगर येत नाय, आनि आले तरी खाली बसत नाय." रेणू खाली बसत नाही म्हणजे त्याचे स्फटिक होत नाहीत. तो काकवीसारखा चिकट राहतो आणि काचेला धरून बसतो. आमच्या लॅबमध्ये प्रत्येक नव्या रेणूला लांबलचक नंबर असे आणि वहीत आम्ही तोच लिहीत असू. दादूसांच्या तोंडी मात्र काशिनाथ, हौशामामा, धाकटी वेणू अशी त्यांच्या गावची, पालेगावातली माणसं असत. सकाळी आल्या आल्या ते विचारत, "काशिनाथ आज कसा हाय?" नव्याने लागलेल्या माणसाला वाटे, यांच्या घरातलं कुणीतरी दवाखान्यात आहे.

आगरी घरात थोरल्या भावाला दादूस म्हणतात. हे आमच्या लॅबचे थोरले भाऊ. अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका रंगाच्या कारखान्यामागे आमची दुमजली लॅब होती. बाहेरच्या औषध कंपन्या कागदावर रेणू काढून पाठवत आणि आम्ही तो खरोखरचा बनवून द्यायचो, कधी अर्धा ग्रॅम, कधी पन्नास ग्रॅम. दादूस नुसते बी.एस्सी. होते. उल्हासनगरच्या कॉलेजातून पास झाले आणि दुसऱ्याच महिन्यात कामाला लागले. पण डॉक्टरेट झालेली माणसंसुद्धा शेवटची पायरी करण्याआधी एकदा त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहत.

मी उल्हासनगर कॅम्प पाचची. वडिलांचं जीन्स शिवायचं छोटं युनिट होतं, घरात रसायनशास्त्राशी कुणाचा संबंध नव्हता. एम.एस्सी. करून मी मुलाखतीला गेले, तेव्हा लॅबचे मालक आणि दादूस दोघे समोर बसले होते. मालक उल्हासनगरचेच सिंधी गृहस्थ, त्यांना सगळे शेठ म्हणत. शेठनी माझे मार्क बघून कागद दादूसांकडे सरकवला. दादूसांनी तो वाचला नाही.

"शेवटचं काय बिघडवलंस?" त्यांनी विचारलं.

मी जरा अडखळले. मग खरं सांगितलं, की प्रोजेक्टमध्ये दोन महिन्यांचा माल मी पाण्याचा थर समजून बेसिनमध्ये ओतून दिला होता.

"मंग काय केलंस?"

"रडले. मग परत बनवला."

"दुसऱ्यांदा किती दिवस लागले?"

"बावीस."

दादूस शेठकडे वळून म्हणाले, "घ्या हिला. दोन महिन्यांचं काम बावीस दिवसांत करते." त्यानंतर मी त्यांची 'बाय' झाले ती कायमची.

आम्ही बनवायचो ते बहुतेक रेणू एकाच कुळातले होते. शरीराच्या संरक्षक पेशींमध्ये एकमेकांना संदेश देणारी जी प्रथिनं असतात, त्यांना अडवणारे. पहिल्याच आठवड्यात दादूसांनी मला विचारलं, आपण काय बनवतो ते सांग. मी पुस्तकातलं घडाघडा म्हणून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय. आता हेच माझ्या आईला सांगून बघ." मग त्यांनी स्वतः सांगितलं.

"अंगात चोर शिरला, की वेशीवरून आत निरोप जातो. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याच्या हातून तिसऱ्याच्या. शेवटी घंटा वाजते आनि सगले काठ्या घेऊन बाहेर येतात. ही प्रथिनं म्हंजे ते निरोपे. प्रत्येकाला एक खिसा हाय. त्यात दमडी पडली तरच तो पुढं पलतो. आपन काय करतो, त्या खिशात बरोब्बर बसंल असा खडा बनवतो. खिसा भरलेला, दमडीला जागा नाय, निरोप्या जागच्या जागी उभा."

"पण मग खरा चोर आला तर?" मी विचारलं.

"तोच तर प्रश्न हाय, बाय. चोर नसताना घंटा वाजत राह्यली, तर मानसं आपलंच घर फोडतात. तो संधिवात, ती आतड्याची सूज. आनि घंटा पार बंदच केली, तर चोराला रान मोकलं. कोनाच्या खिशात खडा घालायचा आनि किती वेल ठेवायचा, एवढंच शिकायचं. त्याला जल्म पुरत नाय."

त्यांच्या शर्टाच्या खिशात मात्र काचेच्या प्लेटी असत. करंगळीएवढी पट्टी, तिच्यावर पांढरा थर. मिश्रणाचा थेंब तिच्यावर लावून द्रावणात उभी केली की आतले पदार्थ वेगवेगळ्या उंचीवर चढतात, आणि यूव्ही दिव्याखाली त्यांचे काळे ठिपके दिसतात. एक ठिपका म्हणजे शुद्ध, दोन म्हणजे भेसळ. लाखो रुपयांची यंत्रं शेजारच्या खोलीत असताना दादूस आधी प्लेट बघत. कुणी उत्साहाने "झालं, प्रॉडक्ट आलं" असं म्हणत आलं, की ते प्लेट हातात घेऊन म्हणत, "प्रॉडक्ट मना दिसत नाय. मना दोन ठिपके दिसतात. एक काला, एक फिका. आधी दिसतं ते सांग. काय असंल ते मंग बघू." हे वाक्य दिवसातून चारदा तरी कानावर पडे. आम्ही त्याची नक्कल करत असू. त्यांना ती ठाऊक होती. एकदा तर त्यांनी ती दुरुस्त करून दिली होती.

पालेगावातली त्यांची भातशेती बिल्डरकडे गेली आणि तिथे टॉवर उभे राहिले. त्यातल्याच एका टॉवरमध्ये दादूस नवव्या मजल्यावर राहत. "आजपन माझ्याच खाचरावर झोपतो, फक्त जरा वर," असं ते म्हणत. धाकटा भाऊ गावच्या वरच्या अंगाला उरलेली जमीन सांभाळत होता. तो सांगत राही, की आता नोकरी सोड, आराम कर. दादूसांचं उत्तर ठरलेलं, "त्या जमिनीनं शंभर वर्सं एकच पीक दिलं. हितं दर महिन्याला नवीन काय तरी उगवतं."

काकींची, म्हणजे त्यांच्या बायकोची ओळख मला आधी डब्यातून झाली. तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. मग एका पावसाळ्यानंतर डब्यात विकतच्या पोळ्या यायला लागल्या. मी विचारल्यावर दादूस म्हणाले, "काकीची बोटं मिटत नाय सकाली. पीठ मलता येत नाय." संधिवात होता, अंगातल्या संरक्षकांनीच सांधे पोखरायला घेतले होते. नेहमीच्या औषधांनी वर्षभर फरक पडला नाही, तेव्हा कल्याणच्या डॉक्टरांनी नव्या गोळ्यांचा विषय काढला. दादूसांनी नाव ऐकलं आणि चिठ्ठी खिशात घातली. गोळी आमच्याच कुळातली होती. तिच्या एका भावंडावर त्यांनी दोन वर्षं काम केलेलं होतं.

मला वाटलं, आता लगेच सुरू होईल. पण डॉक्टरांनी आधी तपासण्या करायला लावल्या, आणि काकींच्या अंगात झोपलेला टीबी निघाला. आजार नव्हता, पण जंतू कुठेतरी दबून बसले होते. पहारेकऱ्यांना गप्प करणारी गोळी दिली असती तर ते उठले असते. म्हणून आधी टीबीचं औषध, काही महिने, आणि मग ही गोळी. काकींना हे सगळं दादूसांचंच कारस्थान वाटलं. मी घरी गेले तेव्हा वाकडी झालेली बोटं माझ्यासमोर धरून त्या म्हणाल्या, "बघ गो. नवरा गोल्या बनवतो आनि बायकोला गोली नाय."

दादूस स्वयंपाकघरात आमटीला फोडणी देत होते. तिथूनच म्हणाले, "मिलंल. घाईत दिली तर दोन दुखनी होतील."

याच महिन्यांत माझ्या हातून ती गोष्ट घडली.

एका कंपनीसाठी मी आतड्याच्या सुजेवरचा एक रेणू बनवत होते. चाळीस ग्रॅम, अकरा आठवड्यांचं काम. त्यांच्याकडे तो प्राण्यांना देऊन बघायचा होता. शेवटची पायरी फार सावकाश चालत होती, म्हणून मी तापमान थोडं वाढवलं आणि अल्कली जरा जास्त घातली. दोन दिवसांत काम संपलं. पांढरीशुभ्र पावडर, प्लेटवर एकच ठिपका, यंत्राच्या आलेखावर एकच शिखर. दादूसांना त्या दिवशी काकींना तपासणीला घेऊन जायचं होतं. रिक्षा गेटवर उभी होती. त्यांनी माझा रिपोर्ट चाळला, सही केली आणि गेले. माल त्याच संध्याकाळी कुरियरने रवाना झाला.

पाच दिवसांनी मी वही पुरी करत होते. आमच्या रेणूला डावं-उजवं होतं. काही रेणूंची आरशातल्यासारखी जोडी असते. घटक तेच, वजन तेच, पण एक डाव्या पायाची चप्पल आणि दुसरी उजव्या. साधं यंत्र त्यांना वेगळं ओळखत नाही, प्लेटही नाही. त्यासाठी वेगळी तपासणी करावी लागते. कंपनीने या वेळी ती मागितली नव्हती आणि मीही केली नव्हती. पण असे रेणू प्रकाश वळवतात, डावे एका बाजूला, उजवे दुसऱ्या, आणि तो किती वळतो त्याचा आकडा वहीत लिहायचा होता. मी राखून ठेवलेल्या नमुन्यावर तो मोजला आणि मागच्या लहान नमुन्याशी ताडला. आकडा कमी होता. फार नाही, पण कमी होता. मी पुन्हा मोजला, तेवढाच आला.

खरं सांगायचं तर तासभर मी कुणाला काही बोलले नाही. माल गेलेला होता, कागद पास होते, आणि तिकडे हे कुणी तपासणार नव्हतं. मग मी दादूसांकडे गेले आणि दोन्ही आकडे त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी ते एकदा ताडून पाहिले. उठले, स्वतः नमुना घेतला आणि ती वेगळी तपासणी लावली. आम्ही दोघं यंत्रासमोर उभे होतो. आधी मोठं शिखर आलं. मग, जिथे काहीच यायला नको होतं तिथे, एक छोटं शिखर हळूहळू वर चढलं. शंभरातले सहा रेणू उलटे झाले होते. माझ्या गरम करण्याने.

"दादूस, उंदरांनाच तर देणारेत," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं याची मला आजही लाज वाटते.

ते माझ्याकडे वळले. आवाज चढला नव्हता. "बाय, काकीच्या डब्यात जी गोली येनार हाय ना, ती पन कधीतरी उंदरांचीच होती."

मग आम्ही शेठच्या केबिनमध्ये गेलो. शेठनी रिपोर्ट उलटून पाहिला. "दादूस, इसमें तो सब पास है ना?"

"जे बघितलं ते पास हाय, शेठ. जे बघायला पायजे होतं ते बघितलंच नाय."

"उन्होंने मांगा नहीं था."

"नव्हतं मागितलं. पन उलटा खडा भलत्याच्याच खिशात बसला, तर तिकडं उंदीर मरतील आनि ते म्हनतील औषध विषारी. नायतर गुन येईल तो कोनाचा, ते कलनार नाय. फोन लावतो."

शेठ म्हणाले, दोन दिवस थांबू, विचार करू. दादूसांनी घड्याळाकडे बघितलं आणि शेठच्याच टेबलावरचा फोन स्पीकरवर लावला. तिकडे त्या कामाच्या प्रमुख बाई होत्या. दादूसांनी त्यांना जे दिसलं ते आधी सांगितलं, आणि ते कशामुळे झालं असावं ते मग. बाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "आमचं परवा सुरू होणार होतं." आणि विचारलं, "तुम्ही हे आम्हाला का सांगताय?" दादूसांना तो प्रश्नच कळला नाही. त्यांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं.

बाहेर आल्यावर मी म्हणाले, की चूक माझी आहे, रिपोर्टमध्ये फक्त माझं नाव लिहा. मनात कुठेतरी वाटत होतं, की ते म्हणतील, नको, मी माझ्यावर घेतो. दादूसांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी वही पुढे ओढली. "तुझी चूक गरम केल्याची. माझी चूक न बघता सही केल्याची. दोन्ही लिव. एकाखाली एक." मी लिहिलं. त्यांनी वाचलं, 'घाईत' हा शब्द खोडायला लावला आणि म्हणाले, "घाई सगल्यांनाच असते. ते कारन नाय."

शेठ त्यांच्याशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी कंपनीचं पत्र आलं, की माल परत बनवून द्यावा, थांबायची तयारी आहे. शेठ ते पत्र घेऊन वर आले आणि दादूसांच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "सच बोलो, दादूस. लेकिन पहले मुझे पांच मिनट तो दो." दादूस म्हणाले, "पुढच्या वेली दहा देतो." मी तो रेणू पुन्हा बनवला, थंड ठेवून, सौम्य अल्कली घालून, पाच आठवड्यांत. या वेळी दादूसांनी तीनदा बघून सही केली.

काकींची गोळी त्यानंतर सुरू झाली. दोन महिन्यांनी एक दिवस डब्यात भाकरी आली, कडेला थोडी फाटलेली. दादूसांनी तिचे चार तुकडे करून सगळ्यांना दिले. वर्षाने काकींना नागीण झाली, गोळी काही दिवस थांबवावी लागली, मग कमी मात्रेने पुन्हा सुरू झाली. लॅबमधल्या कुणी "काय दादूस, तुमचं औषध" असं छेडलं, तर ते शांतपणे म्हणत, "गुन पन त्याचा, नागीन पन त्याची. दोन्ही सांगायचं."

साठी उलटल्यावरही शेठ त्यांना सोडायला तयार नव्हते. एके दुपारी दादूसांनी मला दहा प्लेटी तयार करायला सांगितल्या. काहींवर एक ठिपका, काहींवर दुसरा अगदी फिका, कुठल्यावर काय ते सांगायचं नाही. यूव्ही दिव्याखाली एकेक धरून त्यांनी कागदावर लिहिलं. मी तपासलं. तीन फिके ठिपके त्यांना दिसले नव्हते. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि त्याच आठवड्यात राजीनामा दिला. शेठ म्हणाले, नुसते बसा, सल्ला द्या. दादूस म्हणाले, "बसायला घर हाय. मना दिसत नाय ते नायच, असं म्हनायच्या आत जातो."

मी पुढे बदलापूरच्या एका लॅबमध्ये गेले. आता माझ्या हाताखाली नऊ जण आहेत. मागच्या वर्षी त्या कंपनीच्या बाईंचा मला फोन आला. आमचा तो रेणू प्राण्यांच्या चाचण्या पार करून माणसांपर्यंत गेला होता. रुग्णांना दिला, आणि औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा काही जास्त गुण आला नाही. काम बंद झालं होतं. बाईंना वाटलं, दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आम्हाला सांगावं.

रविवारी मी पालेगावला गेले. दादूस गॅलरीत बसले होते, काकी लसूण सोलत होत्या. मी सांगितलं. काकींचा हात थांबला. "म्हंजे एवढी वर्सं फुकट?"

दादूस खाली बघत राहिले. वाईट वाटलं होतं, ते त्यांनी लपवलं नाही. मग मला विचारलं, "मालात खोट होती असं कोनी म्हनलं का?"

"नाही. माल शुद्ध होता यावर कुणाला शंकाच नव्हती."

"मंग नक्की कललं." त्यांनी काकींकडे बघितलं. "फुकट नाय गो. तो उलटा माल गेला असता ना, तर आज कोनाला सांगता आलं नसतं, की खडा खोटा का तो खिसाच चुकीचा. आता ठाव झालं. त्या दारानं आतड्याची सूज जात नाय. दुसरं दार बघायचं."

त्यानंतर चार महिन्यांनी, सकाळी दूध आणायला खाली उतरताना, छातीत कळ येऊन दादूस गेले.

दहाव्याला मी गेले. मांडवात गावातली बरीच माणसं होती. दादूसांचे धाकटे भाऊ माझ्याजवळ येऊन बसले. "ताई, तुमी त्याच्या लॅबमधल्या ना? आमी इतकी वर्सं लोकांना सांगतो, दादूस औषधं बनवतो. कंचं औषध ते तरी सांगा. दुकानात जाऊन नाव वाचीन."

"दुकानात मिळेल असं एकही नाही," मी म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. मी त्यांना सगळं सांगितलं. एक गोळी दुकानात यायच्या आधी कितीतरी रेणू करून बघावे लागतात, त्यातले बहुतेक सोडून द्यावे लागतात, आणि कुठला सोडायचा हे सांगणारा माणूस खरा नसेल तर पुढचे सगळे फसतात. दादूसांच्या हातून गेलेल्या मालावर जे उत्तर आलं, ते कुणाला पुन्हा तपासावं लागलं नाही.

त्यांनी वरच्या रानाच्या दिशेने हात केला. मग म्हणाले, "म्हंजे बोअरिंगवानी. वरच्या रानात आमी तीन ठिकानी खनलं, पानी नाय. चवथ्याला लागलं. पन पयली तीन अर्धवट सोडली असती, तर आजपन वाटलं असतं तिथंच असंल."

"तसंच," मी म्हणाले.

ते उठले आणि पलीकडे बसलेल्या माणसांत गेले. "आमचा दादूस काय करायचा, ठाव हाय का?" मला ऐकू येत होतं. बोअरिंगपासून सुरुवात करून ते नीट सांगत होते. फक्त दादूसांनी असे तेरा रेणू पारखून बाजूला केले, असं त्यांनी ठोकून दिलं. खरा आकडा त्याहून बराच मोठा होता. मी उठून त्यांच्याजवळ गेले आणि तो सांगितला.